सोसायटीच्या एसटीपीचं पाणी माशांच्या तळ्यात सोडायचं का? रिपोर्ट पास आहे, पण औषधांचं काय?

मेडिकलवाली_भांडुप

नमस्कार मंडळी. भांडुप पश्चिमेला आमची तीन टॉवरची सोसायटी आहे. २४० फ्लॅट, साधारण ९०० माणसं. तळमजल्याच्या गाळ्यात माझं मेडिकल आहे आणि राहतेही मी इथेच.

आमच्या एसटीपीचं, म्हणजे सोसायटीच्या सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचं पाणी फ्लशला आणि बागेला वापरून उरतं, ते गटारात जातं. मागच्या सभेत ठराव आला की हे उरलेलं पाणी बागेतल्या कमळाच्या तळ्यात सोडायचं. सध्या तळं टँकरने भरतो, तो खर्च वाचेल. तळ्यात गप्पी आहेत, डासांसाठी महापालिकेच्या कीटकनाशक विभागाकडून आणलेले, आणि मुलांनी सोडलेले थोडे मॉली. तळं भरून वाहिलं तर पाणी पावसाच्या गटारातून नाल्यात आणि तिथून ठाण्याच्या खाडीत जाणार. एसटीपी चालवणाऱ्या कंत्राटदाराने रिपोर्ट दाखवला. पाण्यात किती घाण उरली ते सांगणारे बीओडी ८ आणि सीओडी ४०, पीएच ७.२. सगळं मर्यादेत. सभेत टाळ्या झाल्या.

मला मात्र राहवत नाही, कारण या बिल्डिंगमध्ये कोण काय घेतं ते माझ्या काउंटरवरूनच जातं. मधुमेहाचे साठेक जण तरी मेटफॉर्मिनवर आहेत, बरेच जण दिवसाला एक ग्रॅम. दोघांना कार्बामाझेपिन चालू आहे, एकाला फिट्ससाठी आणि एका आजींना चेहऱ्याच्या नसेच्या दुखण्यासाठी. कोविडनंतर एस्सिटालोप्राम आणि फ्लुऑक्सेटिन या नैराश्याच्या औषधांच्या चिठ्ठ्या वाढल्या. गर्भनिरोधक गोळ्या आहेत. आणि गुडघ्याला चोळायची डायक्लोफेनॅकची जेल तर ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावरच्या प्रत्येकाकडे आहे. गिऱ्हाइकाला वाटतं गोळी पोटात गेली की संपली. पण डी.फार्म.ला आम्ही शिकलोय की मेटफॉर्मिन शरीरात मोडतच नाही, जसंच्या तसं बाहेर पडतं. शिवाय मुदत संपलेलं सिरप लोक सरळ बेसिनमध्ये ओततात. मला येऊन अभिमानाने सांगतात, की कोणी पिऊ नये म्हणून ओतून टाकलं.

तर मला जाणकारांकडून हवंय ते हे. या रिपोर्टमध्ये औषधं मोजलेली असतात का? एसटीपीत ती जातात का? आणि राहिली तर माशांना खरंच काही होतं का, की मी उगाच काळजी करतेय? पुढच्या सभेत उभं राहून बोलायचं आहे, तेव्हा नीट माहिती द्या.

पवईकर_सी_विंग

आमच्याकडे कारंज्याच्या हौदात एसटीपीचंच पाणी आहे. गप्पी जिवंत आहेत, पिल्लंही होतात. प्रदूषण मंडळाचे निकष पूर्ण होत असतील तर पाणी वाया घालवण्यापेक्षा वापरावं, असं माझं प्रामाणिक मत आहे. एप्रिल-मेमध्ये टँकरचा भाव काय होतो ते सगळ्यांना माहीत आहे.

गाळपाणी

ताई, काळजी उगाच नाही. मी एसटीपी उभारण्याचं आणि चालवण्याचं काम बरीच वर्षं केलं, आता सांडपाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. जरा सविस्तर लिहितो.

आधी रिपोर्ट. बीओडी म्हणजे जिवाणूंना खाता येईल असा मैला पाण्यात किती उरला याचं माप, आणि ते मिलिग्रॅममध्ये असतं. औषधं असतात मायक्रोग्रॅम आणि नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे हजारपट ते दहा लाखपट कमी. बीओडी ८ असो की ३, त्यावरून औषधांबद्दल काहीही कळत नाही. ती मोजायला एलसी-एमएस हे महागडं यंत्र लागतं. सोसायटीच्या महिन्याच्या तपासणीत ते कोणी लावत नाही, कारण आपल्याकडे शहरी सांडपाण्याच्या निकषांत एकाही औषधाची मर्यादा नाही. औषध कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी केंद्राने जानेवारी २०२० च्या मसुद्यात अँटिबायोटिक्सच्या मर्यादा घातल्या होत्या. ऑगस्ट २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या नव्हत्या. मला याचं फार वाईट वाटतं, कारण हैदराबादजवळच्या पटनचेरूचं उदाहरण सगळ्यांसमोर होतं. तिथे औषध कंपन्यांचं सांडपाणी घेणाऱ्या सामायिक केंद्रातून प्रक्रिया होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक सापडलं, असं २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. रुग्णाच्या रक्तात उपचाराच्या वेळी जेवढं असतं त्याहून जास्त. त्या मानाने तुमच्या सोसायटीचं पाणी अगदीच सौम्य आहे, पण शून्य नाही.

तुम्ही आकडे दिलेत म्हणून तुमच्याच बिल्डिंगचं गणित मांडतो. ९०० माणसं, माणशी १३५ लिटर, म्हणजे रोज साधारण १ लाख २० हजार लिटर सांडपाणी. ६० माणसं रोज १ ग्रॅम मेटफॉर्मिन घेतात आणि जवळजवळ सगळं बाहेर पडतं, म्हणजे ६० ग्रॅम. लिटरमागे ५०० मायक्रोग्रॅम. आता चांगली गोष्ट अशी की मेटफॉर्मिन जिवाणूंना बऱ्यापैकी मोडता येतं. चांगल्या चाललेल्या एसटीपीत ९० टक्के गेलं असं धरू. तरी ५० उरले, आणि गेलेल्यातलं बरंचसं ग्वानिलयुरिया (मेटफॉर्मिन मोडून बनणारा पदार्थ) होऊन पाण्यातच राहिलं. अमेरिकेतल्या एका प्रयोगात ४० मायक्रोग्रॅम मेटफॉर्मिनच्या पाण्यात वाढलेल्या फॅटहेड मिनो या छोट्या माशाच्या नरांच्या वृषणात अंडपेशी दिसल्या होत्या. नंतरच्या काही प्रयोगांत एवढा परिणाम दिसला नाही, म्हणून यावर मी फार जोर देणार नाही. पण आकडा कुठल्या घरात आहे ते लक्षात आलं असेल.

प्रत्येक औषधाची तऱ्हा वेगळी. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन जिवाणू झपाट्याने खातात, त्यांची चिंता नको. सिप्रोफ्लॉक्सासिन गाळाला चिकटून गाळात जातं. डायक्लोफेनॅक अर्धवट जातं, प्लांट प्लांटवर अवलंबून. आणि कार्बामाझेपिन जवळजवळ जातच नाही, जेवढं आलं तेवढं पुढे. इतकं हट्टी आहे की नदीत शहराचं सांडपाणी मिसळलंय का हे ओळखण्यासाठी शास्त्रज्ञ तेच शोधतात. २०२२ मध्ये १०४ देशांतल्या २५८ नद्यांचं पाणी तपासणारा मोठा अभ्यास आला, त्यात सर्वांत जास्त ठिकाणी सापडलेल्या औषधांत कार्बामाझेपिन आणि मेटफॉर्मिन होतीच. साधारण चौथा हिस्सा ठिकाणी निदान एक तरी औषध जलचरांना सुरक्षित मानलेल्या पातळीच्या वर होतं.

अजून एक. आपलं यकृत बऱ्याच औषधांना साखरेचा एक रेणू जोडून बाहेर टाकतं. मैल्यातले जिवाणू तो जोड तोडतात आणि मूळ औषध पुन्हा मोकळं होतं. म्हणून कधी कधी प्लांटच्या तोंडाशी कमी आणि बाहेर जास्त औषध मोजलं जातं. नवख्या माणसाला वाटतं मोजणी चुकली.

आता तुमच्या सोसायटीचा खास मुद्दा, जो मोठ्या केंद्रांना लागू नाही. तुमचं पाणी फ्लशमधून पुन्हा एसटीपीत येतं. १३५ पैकी सुमारे ४५ लिटर फ्लशचे, म्हणजे तिसरा हिस्सा पाणी फिरत राहतं. जे औषध मोडत नाही, त्याचं प्रमाण या फिरण्यामुळे दीडपट होतं. आणि उन्हाळ्यात तळं वाहून जाणारच नाही. पाणी वाफ होऊन जाईल, कार्बामाझेपिन जाणार नाही, आणि तुम्ही वरून रोज नवं ओतत राहणार. मे महिन्याच्या शेवटी त्या तळ्यात जे असेल ते एसटीपीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यापेक्षा कितीतरी तीव्र असेल. डायक्लोफेनॅकचं बरं, ते उन्हात लवकर फुटतं.

माशांवरच्या परिणामाचं सर्वांत भक्कम काम कॅनडातलं. ऑन्टारियोत प्रयोगासाठी राखून ठेवलेली तळी आहेत. त्यातल्या २६० क्रमांकाच्या तळ्यात २००१ पासून सलग तीन उन्हाळे गर्भनिरोधक गोळीतलं एथिनिलएस्ट्राडायोल हे संप्रेरक सोडलं, लिटरमागे ५ ते ६ नॅनोग्रॅम. नर मिनोंच्या अंगात अंड्याच्या बलकाचं प्रथिन तयार व्हायला लागलं, पिल्लं होणं थांबलं आणि ती जात तळ्यातून जवळजवळ नाहीशी झाली. एकही मासा उलटा होऊन तरंगला नाही. संप्रेरक टाकणं बंद केल्यावर काही वर्षांनी मासे परत वाढले, हेही सांगायला हवं.

पवईकर, तुमचे गप्पी जिवंत आहेत, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. औषधांनी मासे सहसा मरत नाहीत, त्यांचं वागणं बदलतं. स्वीडनमध्ये ऑक्झाझेपाम या चिंता कमी करणाऱ्या औषधाच्या पाण्यात पर्च मासे ठेवले, ते धीट झाले, कळप सोडून एकटे फिरायला लागले. हा अभ्यास २०१३ चा. ऑस्ट्रेलियात तर गप्पींच्याच पिढ्या दोन वर्षं फ्लुऑक्सेटिनच्या पाण्यात वाढवल्या, तेव्हा मासा-माशामधला वागण्यातला फरकच कमी झाला, सगळे एकाच तऱ्हेने वागायला लागले. शत्रू आला की कोणी लपायचं आणि कोणी पुढे जायचं, हा फरक कळपाला जगवतो. तो गेला तरी वरून बघणाऱ्याला तळं ठीकच दिसणार.

तरीही ताई, सभेत औषधांपासून सुरुवात करू नका. तुमच्या मॉलींना आधी मारेल तो क्लोरीन. एसटीपीच्या शेवटी जंतू मारायला हायपो (क्लोरीनचं द्रावण) सोडतात, पाण्यात लिटरमागे अर्धा-एक मिलिग्रॅम क्लोरीन उरतो, आणि माशाच्या कल्ल्यांना त्याचा शंभरावा हिस्सासुद्धा झोंबतो. दुसरा अमोनिया. रात्री टाकीत हवा सोडणारे ब्लोअर बंद ठेवून वीज वाचवणारे ऑपरेटर मी पाहिलेत, त्या दिवशी अमोनिया तसाच पुढे जातो. तुम्ही दिलेल्या आकड्यांत अमोनिया कुठे दिसत नाही. तो मागा.

माझं मत सरळ आहे. एसटीपीचं पाणी फ्लश, बाग, गाड्या धुणं, रस्त्यावर मारणं यालाच वापरा. तळ्यासाठी गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवा, कमी पडेल तेव्हा टँकर. आणि प्लांटरूममध्ये जाऊन सँड फिल्टरच्या शेजारची टाकी बघा, ती अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनची असते. औषधं पकडणारी तुमच्याकडची तेवढीच एक गोष्ट आहे. कार्बामाझेपिन आणि डायक्लोफेनॅक दोन्ही कार्बनला चिकटतात. पण चिकटायला जागा उरली असेल तर! नुसतं बॅकवॉश करून, म्हणजे उलटं पाणी सोडून धुऊन, ती जागा परत मोकळी होत नाही, कार्बन बदलावा लागतो. शेवटचा कधी बदलला, एवढंच कंत्राटदाराला विचारा.

खाडीवरला

ट्रॉम्बे कोळीवाड्यातून लिहितोय. आमच्याकडे घरातलं कोणी ना कोणी अजून खाडीत जातं. तुमच्या नाल्याचं पाणी कुठे जातं ते आम्ही बघतो. वर भांडुप-मुलुंडकडे खाडी अरुंद आणि उथळ आहे. उधाणाला पाणी आत-बाहेर खेळतं, पण भांगेला वरचं पाणी फारसं हलत नाही, तिथल्या तिथे डुलतं. वरळी आणि वांद्र्याचं सांडपाणी तीनेक किलोमीटर आत समुद्रात सोडतात, तिथे निदान समुद्र मोठा आहे. खाडीला ती सोय नाही. तिवरांच्या मुळाशी निवट्या, चिंबोऱ्या, कालवं, कोळंबीची पिल्लं, सगळं याच पाण्यात वाढतं. फ्लेमिंगो बघायला लोक येतात, २०२२ मध्ये खाडीला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आहे. पण पक्षी जे खातो ते चिखलातलं आहे आणि चिखलात काय साठतंय ते कोणी आम्हाला सांगत नाही.

मला एकच विचारायचं आहे. घरात लहान पोरं आहेत. खाडीची मासळी खाल्ली तर ही औषधं आमच्या पोटात येतात का?

गाळपाणी

दादा, औषधांपुरतं बोलायचं तर खाणाऱ्याला धोका फार कमी. माशाच्या मांसात ही औषधं सापडतात ती साधारण ग्रॅममागे काही नॅनोग्रॅम. समजा १० नॅनोग्रॅम धरलं आणि २०० ग्रॅम मासा खाल्ला, तर पोटात गेलं २ मायक्रोग्रॅम. डायक्लोफेनॅकची एक गोळी ५० मिलिग्रॅमची, म्हणजे २५ हजार पट. मुलांना खुशाल खायला द्या, औषधांच्या कारणाने तरी अडवू नका. सांडपाण्याच्या तोंडाशी वाढलेली कालवं आणि तिसऱ्या मात्र नकोत, पण ते मैल्यातल्या रोगजंतूंमुळे.

मासा मात्र त्या पाण्यात चोवीस तास असतो, कल्ल्यांतून ते आत घेतो, आणि अंड्यापासून मरेपर्यंत घेतो. धोका आहे तो त्याला. ट्राउट माशावरच्या प्रयोगात लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम डायक्लोफेनॅकने चार आठवड्यांत मूत्रपिंड आणि कल्ले बिघडले होते. हेच औषध गिधाडांच्या मूत्रपिंडांवर बेतलं, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. युरोपात नदीच्या पाण्यासाठी या औषधाची ०.०४ मायक्रोग्रॅम ही मर्यादा प्रस्तावित झाली, त्यामागे अशीच कामं आहेत.

खाडीचं म्हणाल तर मुंबईत सात ठिकाणी नवी केंद्रं बांधली जात आहेत, सगळी मिळून रोज २४६४ दशलक्ष लिटरची. घाटकोपर आणि भांडुपही त्यात आहेत. ती झाली की मैल्याचा भार खूप कमी होईल आणि ते फार गरजेचं आहे. पण औषधांसाठी वेगळा टप्पा लागतो, ओझोनचा नाहीतर कार्बनचा. स्वित्झर्लंडने २०१६ पासून निवडक केंद्रांना तो सक्तीचा केला, ८० टक्के सूक्ष्म प्रदूषकं काढायची अट घालून. युरोपीय संघाने २०२४ च्या नव्या कायद्यात दीड लाख आणि त्याहून जास्त लोकसंख्येच्या केंद्रांना २०४५ पर्यंतची मुदत दिली, आणि या टप्प्याच्या खर्चाचा किमान ८० टक्के वाटा औषध आणि सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्यांनी उचलायचा असं ठरवलं. आपल्याकडे सात केंद्रं उभी राहत असतानाच पुढे हा टप्पा बसवायला जागा राखून ठेवली, तर पुढची पिढी दुवा देईल. मुंबईत नंतर जागा मिळत नाही.

मेडिकलवाली_भांडुप

गाळपाणी दादा, खूप आभार. फिरणाऱ्या पाण्याने दीडपट होतं हा मुद्दा मला सुचलाच नव्हता. आज प्लांटरूममध्ये जाऊन आले. कार्बनची टाकी आहे, पण कार्बन कधी बदलला याची नोंद कुठल्याही वहीत नाही. ऑपरेटर मुलगा चांगला आहे, त्याने स्वतःच सांगितलं की त्याला फक्त बॅकवॉश करायला शिकवलंय. सभेच्या विषयपत्रिकेत कार्बन बदलणं आणि अमोनियाची तपासणी असे दोन विषय मी लेखी दिलेत. तळं पावसाच्या पाण्यावर ठेवायला सेक्रेटरी काका तयार आहेत.

आता माझ्या बाजूने एक गोष्ट मंडळींसाठी, कारण ती मेडिकलवाल्यालाच ठाऊक असते. डायक्लोफेनॅकची गोळी घेतली तर शरीर ती बऱ्यापैकी मोडतं, मूळ रूपात लघवीतून फार थोडी जाते. जेलचं उलट आहे. त्वचेतून जेमतेम ६ टक्के आत जातं. बाकीचं हातावर, कपड्यावर आणि गुडघ्यावर राहतं आणि धुतलं की सरळ गटारात. चार ग्रॅम जेलमध्ये ४० मिलिग्रॅम औषध असतं. कट्ट्यावरच्या दहा जणांनी रोज लावली आणि निम्मी धुतली गेली, तर आमच्या सांडपाण्यात लिटरमागे दीड मायक्रोग्रॅमच्या वर डायक्लोफेनॅक नुसतं हात-पाय धुण्यातून येतं. म्हणून मी आता जेल देताना सांगते, की लावल्यावर हात आधी कागदाने पुसा, कागद कचऱ्यात टाका, मग धुवा. आंघोळीनंतर लावा, आधी नको. आजी-आजोबा हे लगेच ऐकतात. कोणी हसलं नाही, उलट एका आजोबांनी बाकीच्यांना समजावलं.

मुदत संपलेली औषधं घनकचरा नियमांनुसार वेगळी द्यायची असतात, ओल्या-सुक्यात नाही. मुंबई महापालिकेने २०२५ मध्ये सॅनिटरी पॅड, डायपर आणि अशी औषधं वेगळी गोळा करायची सेवा सुरू केली आहे, सोसायटीने नोंदणी करायची. आमची झालेली नव्हती, अर्ज भरलाय. तोवर दुकानात झाकणाचा डबा ठेवलाय, सिरपच्या बाटल्यांसह सगळं त्यात. एक अपवाद नीट वाचा. फेंटॅनिल, मॉर्फिन, ट्रॅमाडॉल यांसारखी जोरदार वेदनाशामकं घरात पडून राहिली आणि मुलाच्या हाती लागली तर जिवावर बेततं. म्हणून केंद्रीय औषध नियंत्रकांच्या मार्गदर्शनात अशा थोड्या औषधांना फ्लश करायला सांगितलंय. कॅन्सरचा पेशंट असलेल्या घरांनी ही गोष्ट मासे-पाण्याच्या आधी धरावी. ती वगळता बेसिन आणि कमोडमध्ये काहीही ओतू नका.

एक शेवटचं राहिलं. आमच्या एसटीपीचा वाळवलेला गाळ माळीदादा खत म्हणून घालतात, कढीपत्त्याला आणि अळूलाही. ते चालेल का?

गाळपाणी

कढीपत्ता आणि अळूला नको. सिप्रोफ्लॉक्सासिन, अझिथ्रोमायसिन ही पाण्यातून जातात ती गाळातच बसतात, आणि मातीत महिनोन् महिने टिकू शकतात. मातीतल्या जिवाणूंना तेवढ्यानेही अँटिबायोटिक्सना दाद न देण्याचा सराव होतो. शिवाय गाळ पूर्ण कुजलेला नसेल तर जंताची अंडी असतात, तो धोका औषधांहून जवळचा आहे. गाळ नीट कुजवून जास्वंद, कण्हेर, लॉन यांना द्या, तळ्याच्या उताराच्या बाजूला टाकू नका, नाहीतर पहिल्या पावसात सगळा तळ्यातच उतरेल. खाण्याच्या झाडांना ओल्या कचऱ्याचं खत. आणि अळूला एसटीपीचं पाणीही देऊ नका, कार्बामाझेपिन मुळांवाटे पाण्याबरोबर चढतं आणि पानात साठतं.